कॅम्पसवरचा जीपी: आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा

इंग्लंडमध्ये शिकायला गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी आईला फोनवर सहज सांगितलं, "आज सर्जरीत जाऊन आले." पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग अगदी बारीक आवाजात आईने विचारलं, "कसली सर्जरी? आणि आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. तिकडे फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला सर्जरी. साधा खोकला झाला तरी माणसं सर्जरीतच जातात.

हा घोळ एका वाक्यात मिटला. पण घरच्या दवाखान्याची सवय घेऊन गेलेल्या मुलांचे बाकीचे घोळ इतक्या सहज मिटत नाहीत. मी आता सांगलीला परतले आहे. दर जुलै-ऑगस्टमध्ये ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली मुलं-मुली आईवडिलांना घेऊन भेटायला येतात. कुकर न्यावा का, बँकेत खातं कसं उघडायचं, अर्धवेळ काम मिळतं का, सगळं विचारतात. आजारी पडलं तर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विद्यापीठात आहे, पण विद्यापीठाचा नाही

ब्रिटनमधल्या बऱ्याच मोठ्या विद्यापीठांच्या आवारात किंवा अगदी फाटकाजवळ जीपीची प्रॅक्टिस, म्हणजे हीच सर्जरी, असते. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी पार्क कॅम्पसवर क्रिप्स हेल्थ सेंटर आहे. वॉरिक विद्यापीठाच्या आवारात तिथलं हेल्थ सेंटर आहे. नावात विद्यापीठ असल्यामुळे आपल्याला वाटतं, प्रवेश घेतला म्हणजे आपलं नाव तिथे आपोआप गेलं असणार. पवईला आयआयटी मुंबईच्या आवारात संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, तसंच हेही असेल, असा आपला समज असतो.

तसं ते नसतं. या प्रॅक्टिस एनएचएसच्या, म्हणजे ५ जुलै १९४८ ला सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या यंत्रणेत मोडतात. बहुतेक जीपी सरकारी नोकर नसतात. दोन-चार डॉक्टर भागीदारीत प्रॅक्टिस चालवतात आणि एनएचएसशी करार करतात. विद्यापीठ जागा देतं, पहिल्या आठवड्यात नोंदणीचे टेबल मांडू देतं. कारभार प्रॅक्टिसचा असतो. त्यामुळे विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात असलं तरी प्रॅक्टिसच्या यादीत तुमचं नाव नसतं. ते वेगळं घालावं लागतं.

आता पैशाचा भाग, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं. आपल्याकडे डॉक्टरला प्रत्येक खेपेचे पैसे मिळतात. तिथे प्रॅक्टिसचं मुख्य उत्पन्न यादीतल्या माणसांच्या संख्येवर ठरतं. तुम्ही वर्षातून एकदा गेलात काय आणि दहा वेळा गेलात काय, तुमच्या नावामागे मिळणारी रक्कम तीच. ती रक्कम वय आणि अशाच काही गोष्टींचा भार लावून ठरवलेल्या सूत्राने काढतात, आणि तरुण माणसाचा भार कमी धरला जातो. कॅम्पसवरच्या प्रॅक्टिसच्या यादीत हजारो तरुण मुलं असतात. म्हणजे माणसं खूप, दर डोई पैसा कमी, आणि सगळी गर्दी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम. अपॉइंटमेंट लवकर का मिळत नाही, याचं बरंचसं उत्तर यात आहे. "एकदा इंजेक्शन देऊन टाका ना" हे तिथे का चालत नाही, त्याचंही थोडं उत्तर यातच आहे. तुम्हाला खूश करून पुन्हा बोलावण्यात डॉक्टरचा काही फायदा नसतो.

तुमचे पैसे मात्र आधीच गेलेले असतात. व्हिसाच्या वेळी जो आरोग्य अधिभार भरता, तो फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा पुढेमागे काही महिने जास्तीचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड जातात. आईवडिलांनी कर्ज काढून भरलेले हे पैसे आहेत. त्यातून जे मिळतं ते हक्काने घ्यावं. डॉक्टरला त्रास कशाला द्यायचा, असं म्हणत अंगावर काढू नये.

नाव कुठे आणि कसं घालायचं

पहिल्या आठवड्यातच घाला. बहुतेक प्रॅक्टिसचा ऑनलाइन फॉर्म असतो, शिवाय छापील फॉर्मही असतो. नोंदणीला इंग्लंडमध्ये घरभाड्याचा करार, विजेचं बिल किंवा व्हिसाची प्रत लागत नाही. मागितली आणि तुमच्याकडे नसली, तरी तेवढ्यावरून नाव नाकारता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण अजून खोली मिळाली नाही, ओळखीच्यांकडे जमिनीवर गादी टाकून झोपतो आहे, अशी मुलं "पत्ता पक्का झाला की करू" म्हणत थांबतात आणि नेमकी त्याच दिवसांत आजारी पडतात.

फॉर्ममधले प्रश्न कंटाळून सोडू नका. घरात कुणाला मधुमेह, कुणाला कमी वयात हृदयविकार, हे लिहा. वंश कुठला, हा प्रश्न वाचून काहींना खटकतं. तो कामाचा आहे. आपल्या दक्षिण आशियाई शरीरात मधुमेहाचा धोका कमी वजनालाच सुरू होतो. म्हणून वजन-उंचीच्या गुणोत्तराचा इशारा इतरांसाठी २५ ला देतात, तो आपल्यासाठी २३ ला देण्याची तिथली शिफारस आहे. तुम्ही कोण हे डॉक्टरला कळलं, तरच ती लागू होणार.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस क्रमांक मिळतो. मग फोनवर एनएचएसचं ॲप घेऊन पासपोर्टने ओळख पटवा. रक्ताचे रिपोर्ट, औषधाची पुन्हा मागणी, अपॉइंटमेंट असं बरंच काही त्यात दिसतं.

एका वेळी एकाच जीपीकडे कायमची नोंदणी राहते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने उतरल्या उतरल्या लंडनच्या मावशीच्या पत्त्यावर नाव घातलं होतं. मावशीच्या घरी तो महिन्यातून एकदा जायचा आणि उरलेले दिवस दोनशे किलोमीटरवर राहायचा. जिथे जास्त दिवस राहता तिथे नाव हवं. सुट्टीत मावशीकडे आजारी पडलात, तर तिच्या भागातल्या प्रॅक्टिसमध्ये तात्पुरते रुग्ण म्हणून तीन महिन्यांपर्यंत दाखवता येतं. कॅम्पसची नोंदणी त्याने जात नाही.

तिथे नंबर कसा लागतो

या लेखातलं मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते इथून पुढे आहे.

आपल्या दवाखान्यात आधी जाऊन बसलं की नंबर लागतो. कंपाउंडर ओळखीचा असला तर जरा लवकर. फारसं बोलावं लागत नाही. डॉक्टर आजीपासून ओळखतात, नाडी बघतात, डोळ्याची पापणी खाली ओढतात. तिथे आधी लिहावं किंवा सांगावं लागतं आणि त्या लिहिण्यावरून तुम्हाला कोण, कधी आणि कसं भेटेल ते ठरतं. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या प्रॅक्टिसना सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत ऑनलाइन विचारणा खुली ठेवावी लागते. फोन करता येतो, प्रत्यक्ष जाऊनही सांगता येतं. पण तिन्हीकडे प्रश्न एकच: काय होतंय?

मला पाचव्या आठवड्यात ताप आला. चौकटीत मी लिहिलं, "ताप आणि वीकनेस आहे, डॉक्टरांना भेटायचं आहे." संध्याकाळी मेसेज आला: विश्रांती घ्या, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, वाढलं तर पुन्हा कळवा. मी खोलीत एकटी रडले. माझ्याच मजल्यावर कोल्हापूरची एक ताई पीएचडी करत होती. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला एकेक विचारायला लागली. "ताप कधीपासून? किती? मोजलास का?" तिच्याकडे थर्मामीटर होता. फोनच्या उजेडात घसा बघितला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते. खोकला होता का? नव्हता. मग तिने लिहिलं: चार दिवस ताप, आत्ता ३८.९, घसा इतका दुखतो की पाणी गिळताना कळ उजव्या कानापर्यंत जाते, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठी, खोकला नाही, सर्दी नाही, कालपासून घन काही खाल्लेलं नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. तासाभरात फोन आला, दुपारी बोलावलं, तपासलं आणि पेनिसिलिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

आजार कालचाच होता. बदललं होतं ते सांगणं. ताईने जे लिहिलं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, म्हणजे ताप, ठिपके, गाठी, खोकला नसणं, घशाच्या संसर्गाला प्रतिजैविक द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर विचारातच घेतात. आणि ताप सेल्सिअसमध्ये सांगायचा. आपला १०२ म्हणजे त्यांचा ३८.९. थर्मामीटर सोबत न्या, तिथे घेतलात तरी चालेल, पण असू द्या.

माझ्या पहिल्या मेसेजमधला 'वीकनेस' हा शब्दही चुकीचाच होता. आपण अशक्तपणाला वीकनेस म्हणतो. तिथल्या डॉक्टरच्या कानाला त्याचा अर्थ हाता-पायातली ताकद गेली असा लागू शकतो, आणि तो लकव्याच्या दिशेने विचार करू लागतो. थकवा असेल तर थकवा म्हणा. 'लूज मोशन' हा शब्द तिथे कळत नाही, डायरिया म्हणा आणि दिवसातून किती वेळा ते सांगा.

आपल्या मराठी दुखण्यांचं तर विचारूच नका. "पित्त झालंय" या दोन शब्दांत आपण किमान तीन वेगळे आजार सांगतो. कुणाला छातीत जळजळून आंबट पाणी वर येतं. कुणाचं अर्धं डोकं ठणकतं आणि उलटी झाल्यावर बरं वाटतं. कुणाच्या अंगावर लाल गांधी उठतात. पहिल्याला ॲसिडची गोळी लागेल, दुसऱ्याला अर्धशिशीचं औषध, तिसऱ्याला ॲलर्जीचं. शब्दकोशातून पित्ताचं इंग्रजी काढून सांगितलंत, तर डॉक्टर पोटाच्या उजव्या बाजूला पित्ताशय चाचपायला लागेल. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला जळजळ आणि सारखं जावंसं वाटणं. "चक्कर येते" म्हणताना आजूबाजूचं गरगर फिरतं की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वेगळं करून सांगा, कारणं वेगळी असतात. "उसण भरली" असेल तर नेमकं कुठे, कशाने आणि कळ पायात उतरते का, ते सांगा. "अंगात कणकण आहे" याला आकडा द्या. "कसंतरीच होतंय" हे शेवटपर्यंत जाऊन बघा: मळमळ आहे, धडधड आहे, की भीती वाटते?

मी सगळ्यांना एकच युक्ती सांगते. आधी मराठीत, घरी आईला सांगाल तसं कागदावर लिहा. मग प्रत्येक शब्दाला विचारा: हे शरीरात नेमकं कुठे आणि काय? उत्तर आलं की ते इंग्रजीत लिहा. साधं चालतं. व्याकरण कुणी तपासत नाही.

रिसेप्शनवरची बाई "काय त्रास आहे?" विचारते, तेव्हा आपल्या मुलींना विशेषतः अवघडल्यासारखं होतं. ती भोचकपणा करत नसते. तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे, फिजिओथेरपिस्टकडे की प्रॅक्टिसमधल्या फार्मासिस्टकडे, हे तिला ठरवायचं असतं. सगळ्यांसमोर नको असेल तर "खाजगी आहे, बाजूला बोलू का?" म्हणा. मूळव्याध, पाळी, अंगावरून जाणं, काहीही असो, तिच्यासाठी ते रोजचंच आहे. स्त्री डॉक्टर मागता येते. तपासणीच्या वेळी सोबत आणखी एक कर्मचारी स्त्री हवी असेल तर तीही मागता येते.

आत गेल्यावर साधारण दहा मिनिटं असतात. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगा. बाहेर पडताना दाराशी "आणि एक विचारायचं होतं" म्हणून छातीतल्या दुखण्याबद्दल बोलू नका. डॉक्टर विचारतील, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" हे ऐकून आपला माणूस बिचकतो. डॉक्टरलाच कळत नाहीये, मग मी कशाला आलो! पण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. रुग्णाला काय वाटतं, कशाची धास्ती आहे आणि काय अपेक्षा आहे, हे विचारायचं. मनात असेल ते बोला. माझ्या आत्याला स्तनात गाठ झाली होती म्हणून मला भीती वाटते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

रिकाम्या हाताने परत

बरेचदा गोळी न घेताच बाहेर याल. विषाणूने झालेल्या सर्दी-तापाला ते प्रतिजैविक देत नाहीत, सलाइन लावत नाहीत, "निदान काहीतरी द्या" म्हटलं तरी नाही. हे हलगर्जीपणातून होत नाही, आपण मात्र तसं समजतो. विचारायचं ते एवढं: किती दिवसांत बरं वाटायला हवं आणि काय झालं तर परत यायचं? हे उत्तर लिहून घ्या. औषधाच्या पुडीइतकंच ते मोलाचं असतं.

पॅरासिटामॉलला डॉक्टर लागत नाही, सुपरमार्केटात मिळतं, पण १६ गोळ्यांचंच पाकीट. १९९८ मध्ये हा आकार कायद्याने ठरवला, कारण लोक जास्त गोळ्या घेऊन जीव गमावत होते.

लिहून दिलेल्या औषधाला इंग्लंडमध्ये दर औषधामागे ९ पौंड ९० पेन्स पडतात, हा दर मे २०२४ चा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही पडत नाही. गर्भनिरोधकं सगळीकडे मोफत आहेत. दम्याचं औषध नेहमी लागत असेल, तर कमी उत्पन्नाच्या योजनेचा एचसी१ फॉर्म भरा. मंजूर झालं की एचसी२ दाखला येतो आणि औषधं मोफत होतात. आपल्याकडून जाताना चालू औषधांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावासकट, टाइप केलेली न्या. इथल्या कंपन्यांची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. तीन औषधं एकत्र असलेल्या आपल्या कित्येक गोळ्या तिथे मिळतच नाहीत.

प्रत्येक गोष्टीला जीपी लागतो असंही नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये केमिस्टच्या दुकानातला फार्मासिस्ट सात तक्रारींवर स्वतः तपासून गरज असेल तर औषध देऊ शकतो. त्यात घसादुखी आहे, सायनस आहे, चिघळलेला कीटकदंश आहे, नागीण आहे आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांचा लघवीचा साधा संसर्गही आहे, म्हणजे आपली उन्हाळी. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही, तर १११ ला फोन करा. जिवावर बेतलं असेल तर ९९९.

कातडीच्या डॉक्टरकडे, कानाच्या डॉक्टरकडे थेट जाता येत नाही. जीपीने पाठवावं लागतं आणि मग वाट पाहावी लागते, कधी कित्येक महिने. इथे मला त्या व्यवस्थेबद्दल मनापासून वाईट वाटतं. एक वर्षाच्या कोर्सला गेलेल्या मुलाचा नंबर कधीकधी तो परतल्यावर लागतो. सांधे, गुडघे, जुनाट त्वचारोग असं काही असेल तर जाण्याआधी इथे नीट दाखवून घ्या. दातांचं तर नक्कीच. जीपी दात बघत नाही, आणि एनएचएसचा दंतवैद्य नव्या रुग्णांना घेणारा सापडणं फार कठीण झालंय.

लशी आणि अचानक येणारी पत्रं

बालपणीच्या लशींचं कार्ड शोधून काढा. सरकारी दवाखान्यात आपल्याकडे गोवर आणि रुबेलाची लस देतात, त्यात गालगुंडाची नसते. खाजगी डॉक्टरकडे घेतली असेल तर तिन्हींची असू शकते. ब्रिटनच्या वसतिगृहांत गालगुंडाच्या साथी येऊन गेल्या आहेत. दोन डोस झाल्याचा पुरावा नसेल तर तिथे एमएमआर, म्हणजे या तिन्हींवरची लस, मागा, मोफत आहे. २५ वर्षांच्या आतल्या, पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्या मुलांना मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, चार प्रकारांवरची लसही मिळते.

मेनिंजायटिसबद्दल चार ओळी जास्त लिहिते. पहिल्या सत्रात अंग मोडून येतं, सगळ्यांना येतं, म्हणून दुर्लक्ष होतं. जोराचा ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, उलट्या, हातपाय गार पडणं, गुंगी, यातलं काही असेल तर लगेच मदत मागा. अंगावरच्या पुरळावर काचेचा पेला दाबून बघायला सांगतात. ठिपके पुसट झाले नाहीत तर धोका. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते ठिपके सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू, तोंडातली टाळू इथे बघा. आणि पुरळाची वाट बघत बसू नका, तो उशिरा येतो किंवा येतच नाही. खोलीतल्या मैत्रिणीला हे सांगून ठेवा, कारण आजारी माणसाला स्वतःला तपासता येत नाही.

नोंदणी झाल्यावर काही पत्रं येतात आणि घाबरवून सोडतात. काही भागांत टीबीच्या रक्ततपासणीचं बोलावणं येतं. व्हिसाच्या वेळी एक्स-रे झालाय, मग पुन्हा का? एक्स-रे चालू असलेला टीबी शोधतो. ही तपासणी शरीरात निपचित झोपलेला टीबी शोधते, जो पुढे कधी उठू शकतो. भारतातून पाच वर्षांत आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांसाठी ती आहे. जरूर करून घ्या. त्याचा व्हिसाशी संबंध नाही. मुलींना पंचविशीच्या सुमारास गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं. माझी एक मैत्रीण कॅन्सर हा शब्द वाचून जिन्यातच बसली होती. ते पत्र त्या वयाच्या सगळ्यांना जातं. तुमच्यात काही सापडलंय म्हणून आलेलं नसतं. आधी कधीच शरीरसंबंध आला नसेल तर धोका अगदी कमी असतो. नर्सशी बोलून करायची की नाही ते ठरवता येतं.

कोणाला काय कळतं

आईवडिलांनी हा भाग शांतपणे वाचावा. अठरा वर्षांवरच्या मुलाची माहिती जीपी तुम्हाला सांगणार नाही, फोन केलात तरी नाही. मुलांनी हे वाचावं: ती विद्यापीठालाही जात नाही, पर्यवेक्षकालाही नाही. जिवाला धोका असेल असे मोजके अपवाद सोडले, तर खोलीतलं बोलणं खोलीत राहतं. गर्भनिरोधक, लैंगिक आजाराची तपासणी, नको असलेली गर्भधारणा, यांतल्या कशासाठीही घरी पत्र जात नाही.

मनाच्या आजाराचंही तसंच. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडायला लागतो, असाइनमेंटचे निकाल येतात, कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे असतो. झोप उडते, जेवण जात नाही, आंघोळ टळते. आपण म्हणतो, घरची आठवण येते. दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर जीपीला याच शब्दांत सांगा: झोप किती तास, जेवण किती, वर्गात किती दिवस गेलो नाही. मरण्याचे विचार येतात का, असं ते थेट विचारतील. खरं सांगा, त्यामुळे व्हिसा जात नाही. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र वेगळं असतं, दोन्हीकडे जाता येतं. इंग्लंडमध्ये बोलून करायच्या उपचारांसाठी एनएचएसकडे स्वतःच नाव देता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. आणि रात्री तीन वाजता असह्य झालं तर १११ लावून २ दाबा. माणूस बोलतो.

परीक्षेच्या वेळी आजारी पडलात तर आधी विभागाला ईमेल करा. थोड्या दिवसांच्या आजाराला बरीच विद्यापीठं तुमचं स्वतःचं निवेदन धरतात. डॉक्टरचं पत्र लागलंच तर ते एनएचएसच्या कामात मोडत नाही, त्याचे पैसे पडतात आणि वेळ लागतो. आजारी होतो तेव्हा भेटलाच नसाल, तर डॉक्टर मागाहून काय लिहिणार? म्हणून त्या दिवसांतच कळवून ठेवा. त्याची नोंद राहते.

पदवीदानाला येणाऱ्या आईबाबांसाठी एक सूचना. जीपीने तपासण्याचे पैसे इंग्लंडमध्ये पाहुण्यांनाही पडत नाहीत, तात्पुरते रुग्ण म्हणून दाखवता येतं. बोलणं अडत असेल तर मराठी दुभाषा मागा, त्याचेही पैसे नाहीत. पण हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. बाबांना रक्तदाब आहे, पण गोळी चालू आहे, मग विमा कशाला, असं म्हणू नका. आधीच्या आजारांसकट विमा काढा.

निघायच्या महिनाभर आधी प्रॅक्टिसला कळवा आणि आपल्या नोंदींची प्रत मागून घ्या: लशींच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट, दिलेली औषधं. दुसऱ्या शहरात नोकरी लागली असेल तर तिथल्या जीपीकडे नाव घाला, नोंदी मागोमाग जातात. भारतात मात्र त्या आपोआप येत नाहीत. मी चौदा पानं छापून आणली होती. आमच्या गावभागातल्या डॉक्टरकाकांनी चष्मा वर करून ती सगळी वाचली, टीबीच्या तपासणीचा निकाल दोनदा बघितला आणि माझ्या जुन्या पिवळ्या कार्डावर एमएमआरच्या दोन तारखा स्वतःच्या हाताने उतरवून घेतल्या.